सोळा आणे प्रसन्न

"उत्तम!" राघोबा डॉक्टर विश्रामला म्हणाले. तो अजून काट्याच्या पारड्यातच मांडी घालून बसला होता. पारडं कसलं, मीठ तोलायचं लाकडी फळकूट ते, चारी कोपऱ्यांना साखळ्या लावून तुळईला टांगलेलं. ठाण्यात माणूस तोलायचा काटा कुणाकडेच नव्हता, म्हणून डॉक्टरांनी बंदरावरच्या मिठाच्या कोठाराच्या मालकाला गाठून वैशाखातली एक दुपार मागून घेतली होती. कोठारात ओल्या मिठाचा उग्र वास भरून राहिला होता, भिंतींना पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुललं होतं, आणि काटा सांभाळणारा धाकू प्रत्येक विद्यार्थ्याला चढवता-उतरवताना "हालू नको रं बाला, काटा ठरत नाय" एवढं एकच वाक्य बोलत होता. छाती मोजून झाली, डोळे तपासून झाले, नाडी झाली, मग सवयींचे प्रश्न झाले आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टरांनी आपला लाडका प्रश्न विचारला. "सोळा आणे प्रसन्नता धरली, तर तुमची किती आणे?" विश्राम म्हणाला, "सोळा आणे." दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे, न बघता म्हणाला. आणि डॉक्टर म्हणाले, उत्तम.

सोळा आणे खोटे आहेत, हे डॉक्टरांना कळायला हवं होतं. विश्रामने सगळा डाव त्यावरच लावला होता. सकाळपासून किती मुलं त्या पारड्यात बसून गेली, कुणी सोळा आणे म्हटलं नव्हतं. म्हणणारच नव्हतं. सुखाचा पूर्ण आकडा आपल्या तोंडाने बोलायचा म्हणजे दृष्टीला आवतण देणं, हे घराघरांतल्या आयांनी भरवताना घासासोबत पोटात घातलेलं. आणि बाराच्या खाली यावं, तर वडीलधारी माणसं दाराशी उभी. मुलगा कॉलेजात जातो म्हणजे ते काही त्याच्या एकट्याचं जाणं नव्हे. त्यामुळे तपासणीला कुणाचे वडील, कुणाचे काका, कुणाचे सासरे पागोटी-उपरणी घालून समारंभाला यावं तसे आले होते. त्यांच्यासमोर कोण म्हणणार, माझं सुख आठच आणे आहे म्हणून? आठ आण्यांची उणीव कुणी ठेवली, असा प्रश्न लगेच उभा राहायचा. म्हणून झाडून सगळ्यांची प्रसन्नता चौदा आणे भरली. वकिलीचा अभ्यास करणारा, ज्याला सगळे पोपट म्हणत, तो तेवढा "पावणेचौदा" म्हणाला आणि कोठारभर हशा पिकवून गेला. या सगळ्यात विश्रामला खरं सांगायची सोय नव्हती. पण इतकं उघड खोटं सांगायची होती, की शहाण्या माणसाने ते ऐकून चष्मा वर करावा आणि म्हणावं, काय हो, खरं सांगा. राघोबा डॉक्टरांनी चष्मा वर केला, तो पुसण्यासाठी. ते गहिवरले होते.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हे, उलट फारच चांगला. सरकारी नोकरी संपवून नौपाड्यात घर बांधून राहिलेला, विधुर, मुलांच्या बाबतीत हळवा. वर्तमानपत्रांतून तेव्हा एकच चर्चा चाललेली, की आमचे पदवीधर तरुणपणीच का मरतात. कुणी इंग्रजी विद्येला दोष देई, कुणी बालविवाहाला, कुणी मुंबईच्या हवेला तर कुणी चहाला. डॉक्टरांचं म्हणणं, मेलेल्यांची कारणं उकरत बसण्यापेक्षा जिवंत आहेत त्यांच्या सवयी मोजा. म्हणून ठाण्याची जी मुलं मुंबईला कॉलेजात शिकत होती, ती सुट्टीला घरी आल्याबरोबर त्यांनी गोळा केली. दूध किती, चहा किती, दिव्याशी वाचन किती, तालमीत जाता का, तपकीर ओढता का, झोप कशी लागते. "झोप?" त्यांनी विश्रामला विचारलं, तेव्हा त्याच्या जिभेवर अक्षरं येऊन उभी होती. नाही लागत. पण मागून अण्णा खाकरला. तो नुसता खाकरला, त्याच्या घशात मिठाची खकाणी गेली असेल. विश्राम म्हणाला, "लागते." "गाढ?" "गाढ." म्हणजे एक खोटं ओढून घ्यायला दुसरं आपसूकच आलं, आणि मग पुढचं सगळं सोपं होत गेलं. भूक छान. डोकेदुखी कधीच नाही. उदास वाटतं का? छे.

खरं असं होतं, की माघापासून विश्रामच्या अंगातून झोप निघून गेली होती. डोळे मिटत, पण आतलं काहीतरी दारात बसून राही. पुस्तक उघडलं की ओळी दिसत, अर्थ मात्र पाण्यात हात घालावा आणि मासा निसटावा तसा निसटे. खाणावळीतला भात भुसा लागे. एकदा वर्गात प्रोफेसर काहीतरी साधंच, राजांच्या वंशावळीचं सांगत असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेचना; शेजारच्याला त्याने धुराने झाल्याचं सांगितलं, तिथे धूर नव्हता. दिवाळीनंतर बी.ए.ची परीक्षा. आपण परीक्षेत बसू शकत नाही, बसलो तर नापास होऊ, आणि असंच चाललं तर नापास होण्याइतकेही शिल्लक राहणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. कुणीतरी ते अण्णाला सांगायला हवं होतं. त्याला स्वतःला ते जमत नव्हतं. म्हणून राघोबा डॉक्टरांची तपासणी आहे असं कळलं तेव्हा त्याच्या मनाने पहिल्यांदा उचल खाल्ली. डॉक्टर छातीला फीत लावतील, नाडी धरतील आणि त्यांच्या बोटांना लागेल. मग ते अण्णाला बाजूला घेऊन म्हणतील, याला वर्षभर घरी ठेवा. डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर अण्णा मान खाली घालून ऐकेल. ही गोष्ट त्याने मनात इतक्यांदा घडवली होती, की डॉक्टर अण्णाला बाजूला घेतात ती कोठाराची कड कुठली हेसुद्धा ठरलेलं होतं.

अण्णाला सांगणं का जमत नव्हतं, हे दुसऱ्या कुणाला पटवणं अवघडच. अण्णा कधी रागावत नसे. वडील गेले तेव्हा अण्णा मॅट्रिक झालेला, पुढे शिकायची त्याची फार हौस. पण त्याने न बोलता कलेक्टर कचेरीत कारकुनी धरली आणि ती हौस घडी करून धाकट्याच्या अंगावर पांघरली. कधी बोलून दाखवलं नाही, उपकाराची भाषा नाही. फक्त विश्राम कॉलेजात गेला त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारायचं सोडलं. "काय बी.ए., जेवलात का?" "बी.ए., जरा पाट घ्या." आधी थट्टा होती ती. मग घरात रुळली, वहिनीही म्हणायला लागली, शेजारपाजारी म्हणायला लागले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की या घरात विश्राम नावाचं माणूस आता राहत नाही. ज्या माणसाला घर बी.ए. म्हणून हाक मारतं, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी तो होणार नाही?

"धाकू, उतरव यांना," डॉक्टर म्हणाले, आणि धाकूने काखेत हात घालून विश्रामला खाली घेतलं. पाय जमिनीला लागताच गुडघ्यांत कळ आली. मुंग्या आलेल्या पायाने तो भिंतीशी जाऊन सदरा घालू लागला आणि त्याला एकदम पंढरी आठवला. आठवला म्हणजे तसा तो कधी विसरलेला नव्हताच. पण आत्ता तो पारड्यात बसलेला दिसला. पंढरी बसला असता तर काय मजा आली असती! पंढरी कल्याणचा. गिरगावातल्या खोलीत दोघे एकत्र राहिलेले, एकच दिवा, एकच सतरंजी, पुस्तकंही अर्धीअधिक सामाईक. पंढरी पहाटे उठून जोर काढी, चहाला शिवत नसे, दूध पिई, दहाला दिवा मालवी आणि विश्रामने कुरकुर केली की म्हणे, "अरे, विद्या उद्याही असेल, डोळे राहतील का?" राघोबा डॉक्टरांचा एकूण एक प्रश्न पंढरीने वर्तून दाखवला असता. डॉक्टरांनी त्याला आदर्श म्हणून चौकात उभा केला असता. आणि त्या पंढरीला नाताळच्या सुट्टीत ताप आला, मुंबईत आठवडाभर तो अंथरुणात राहिला, मग त्याच्या मामाने येऊन त्याला कल्याणला नेलं आणि माघात तो गेला. कुठलीही वाईट सवय नसताना गेला. छातीची फीत भरपूर भरत असताना गेला.

विश्राम कल्याणला गेला तो दिवस उजाडताना पहिल्या गाडीने. पंढरीच्या आईने, गंगुबाईने, त्याला ओटीवर बसवलं. ती रडली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती एकेक विचारत राहिली. "तुमच्यापाशी होता तेव्हा जेवायचा ना पोटभर?" हो. "झोपायचा ना वेळेवर?" हो. "कुणाशी भांडणतंटा, काही मनाला लागलेलं?" नाही, मुळीच नाही. "हसायचा?" हो, खूप. "मग असं कसं हो?" ती म्हणाली. विश्रामला तेव्हा वाटलं, आपण एक तरी वाईट सवय सांगायला हवी होती. जागायचा म्हणावं, उपाशी राहायचा म्हणावं, म्हणजे त्या बाईच्या हाताला धरायला एखादं कारण तरी लागलं असतं. सगळं चांगलं आहे म्हणून सांगून आपण तिला रिकाम्या हाती ठेवलं. परतताना गाडी खाडीच्या पुलावरून जात होती, दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन उन्हात पांढरे शुभ्र चमकत होते आणि ते इतके सुंदर दिसत होते की त्याला त्यांचा संताप आला. त्यानंतर त्याने खोली बदलली नाही. पंढरीची जागा तशीच रिकामी ठेवून तो तिथेच राहिला. खाणावळवाल्याने नवा सोबती आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाला.

"अण्णासाहेब, इकडे या," डॉक्टरांनी हाक मारली. विश्रामचा हात गुंडीवरच थांबला. डॉक्टर अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेत होते. अगदी त्याच कडेला, मिठाच्या गोणींच्या थप्पीशी, जिथे त्याने मनात ते कितीदा पाहिलं होतं. क्षणभर विश्रामला वाटलं, कळलं त्यांना. सगळ्यांसमोर नको म्हणून उत्तम म्हणाले, आता सांगतायत. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं, सुटकेचं. पण डॉक्टरांना हळू बोलायची सवय नव्हती. "येत्या शनिवारी वाचनालयात मी या तपासणीवर बोलणार आहे," ते म्हणाले, "आणि तुमच्या या बंधूंना मी मंचावर उभं करणार. ठाण्याने बघू दे, विद्या आणि प्रकृती एका ठिकाणी नांदू शकते. सोळा आणे! अहो, इतक्या निर्भयपणे सांगणारा मला हा एकच भेटला." अण्णाने उपरण्याचं टोक हातात धरलं आणि सोडलं. मग डॉक्टरांच्या पायाला हात लावायला वाकला, डॉक्टर "अहो, अहो" करत मागे सरले. पोपट दारातून ओरडला, "सोळा आणे, आम्हांला दोन उसने द्या की!" सगळे हसले. विश्रामही हसला. तोंड आपलं आपण हसतं, याचा त्याला अलीकडे सराव झाला होता.

बंदरावरून दोघे भाऊ निघाले तेव्हा उन्हं कलली होती. बाजारात दुकानदार पाणी शिंपून धूळ बसवत होते. अण्णा एरवी झपझप चालायचा, आज तो मुद्दाम रेंगाळत होता, ओळखीचा माणूस दिसला की थांबत होता. कुणी विचारलं नाही तरी सांगत होता, डॉक्टर असं म्हणाले, शनिवारी या, बरं का. विश्राम दोन पावलं मागे उभा राहून प्रत्येक वेळी हात जोडत होता. त्याला वाटलं, आपण असेच हात जोडत शनिवारी मंचावर उभे राहू, टाळ्या पडतील, मग पावसाळा लागेल, मग परीक्षा, आणि एक दिवस गंगुबाईसारखी आपली आई पदर ओढून कुणाला तरी विचारत बसेल. जेवायचा ना? झोपायचा ना? आणि ज्याला विचारेल तोही हो म्हणेल, कारण सगळ्या ठाण्याने ते ऐकलेलं असेल. हा विचार आला आणि त्याला भीती वाटली. इतके महिने दुःख होतं, कंटाळा होता, पण भीती ही अशी पहिल्यांदाच वाटली. आपल्याला मरायचं नाही, हे त्याला बाजारात, एका पानवाल्याच्या दुकानासमोर कळलं.

तलावाच्या काठाशी आल्यावर अण्णा पायऱ्यांवर टेकला. "घरी गेल्यावर आई आधी मीठमोहऱ्या ओवाळून टाकणार बघ," तो हसत म्हणाला. "सोळा आणे म्हणालास ते तिला सांगायचं की नाही, याचाच विचार करतोय. नको वाटतं. दोन आणे कमी करून सांगू." पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. पलीकडे कुणी बाई घागर घासत होती, तो आवाज इकडे ऐकू येत होता. विश्राम उभाच होता.

"अण्णा, मला झोप येत नाही," तो म्हणाला.

अण्णाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलून आला. "कशी येईल आज? मला तरी कुठे यायची आहे! मी तर शनिवारपर्यंत जागाच राहणार बहुतेक. बस, बी.ए., बस जरा. घरी गेलो की बोलता येत नाही धड."

झालं, विश्रामला वाटलं. एकदा बोललो, ते वाहून गेलं. आता पुन्हा बोलणं होणार नाही. त्याने अण्णाकडे बघितलं. अण्णाच्या पागोट्याखाली कपाळावर घामाचा ओघळ उतरत होता आणि त्या ओघळाच्या दोन्ही बाजूंना मिठाची बारीक पांढरी भुकटी बसली होती. अण्णा म्हातारा दिसत होता. तसा तो म्हातारा नव्हता, पस्तिशीही गाठली नव्हती. या माणसाला आपण सुखी वाटतो, आणि ते सुख याला आपल्याहून जास्त लागतं, असं त्याच्या मनात आलं. त्याला अण्णाची दया आली आणि त्या दयेनेच कसा कोण जाणे त्याला बळ आलं.

"आजचं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "माघापासून येत नाही. पंढरी गेला तेव्हापासून. मी डॉक्टरांना सगळं खोटं सांगितलं. मला वाचलेलं कळत नाही, अण्णा. अन्न गोड लागत नाही. माझ्याच्याने परीक्षा होणार नाही."

अण्णाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बराच वेळ तो पाण्याकडे बघत होता आणि विश्राम, घडा फुटल्यावर माणूस खापऱ्या बघत उभा राहतो तसा, उभा होता. आता अण्णा काय म्हणेल? धीर धर म्हणेल. वडलांचं नाव काढील. किंवा काहीच म्हणणार नाही, नुसता उठेल आणि चालू लागेल, आणि तेच सगळ्यांत वाईट.

"रात्री जागा असतोस," अण्णा शेवटी म्हणाला, "तेव्हा काय करतोस?"

कुणी कधी हे विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. विश्रामला उत्तर शोधावं लागलं नाही.

"ऐकत असतो."

"काय?"

"त्याला ताप होता ना, तेव्हा रात्री मी त्याचा श्वास ऐकत पडायचो. चालू आहे का बघत. मामा न्यायला आला त्या सकाळपर्यंत. आता शेजारी कुणी नाही, तरी कान तिकडेच लागतात. ऐकू येत नाही, मग मी उठून बसतो. अण्णा, मी रोज उठून बसतो."

अण्णाने हात वर करून त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढून पायरीवर आपल्या शेजारी बसवलं. रस्त्याने माणसं जात-येत होती, त्यांतली निम्मी ओळखीची. कुणीतरी रामराम घातला. अण्णाने मनगट सोडलं नाही.

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातो," तो म्हणाला. "शनिवारचं नको म्हणून सांगतो. परीक्षेचं मागाहून बघू. नाही झाली तर नाही." हे शेवटचं बोलायला त्याला दोनदा तोंड उघडावं लागलं.

"आजपासून तुझं अंथरूण ओटीवर माझ्याशेजारी घाल, विश्राम," तो म्हणाला. "मी फार घोरतो. तुझी वहिनी कंटाळलीय."